नाथांच्या घरची क्षमा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा अध्यक्षबाईंनी विषयही सांगून ठेवला होता, तो म्हणजे क्षमा. विषय ऐकल्यावर मला पैठणच्या एकनाथमहाराजांखेरीज दुसरे नाव सुचेना. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु लग्न होऊन अष्टमीत आले तेव्हापासून सासूबाईंना दुपारची पोथी वाचून दाखवणे हे माझे काम होते. मागचे आवरून झाले की त्या भिंतीला टेकून वाती वळत बसत आणि मी महिपतीबुवांचे भक्तिविजय नाहीतर भक्तलीलामृत उघडी. त्यामुळे नाथांच्या वाड्याची ओसरी, देवघर, स्वयंपाकघर हे सारे मला आपल्या आळीतल्या एखाद्या घरासारखे ओळखीचे वाटते.

आधी एक सांगून ठेवते. पुढे जे लिहिले आहे त्यातले काही नाथांच्या स्वतःच्या ग्रंथांवरून ठरलेले आहे आणि काही पोथीतले आहे. महिपतीबुवांनी भक्तलीलामृत १७७४ साली पुरे केले, म्हणजे नाथांना जाऊन पावणेदोनशे वर्षे झाली होती. चमत्कार ज्यांना मानावयाचे त्यांनी मानावे, ज्यांना नको त्यांनी गोष्टीतली माणसे तेवढी घ्यावी. मला स्वतःला माणसेच अधिक आवडतात.

एकनाथांचा जन्म १५३३ च्या सुमारास गोदावरीकाठी पैठणास झाला. पैठण म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, जिथली पैठणी आपण लग्नात नेसतो आणि जिथे जायकवाडीच्या धरणाच्या जलाशयाला नाथांच्याच नावावरून नाथसागर म्हणतात. त्या काळी ते शास्त्रीपंडितांचे मोठे पीठ होते. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्र मागावयास गेली होती ती याच गावी, असे परंपरा सांगते. नाथांचे पणजोबा भानुदास हे मोठे विठ्ठलभक्त; विजयानगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, अशी त्यांची ख्याती. भानुदासांचे चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांचे पोटी एकनाथ. आईबाप मूल तान्हे असतानाच गेले. आजीआजोबांनी वाढवले.

आईवेगळे मूल एकतर फार हट्टी होते नाहीतर वयाआधी शहाणे होते. हे दुसऱ्या जातीचे. बाराव्या वर्षाच्या सुमारास, आजीआजोबांना न सांगता, नाथ पैठणहून देवगिरीला गेले आणि जनार्दनस्वामींच्या पायाशी राहिले. जनार्दनस्वामी हे निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी होते. म्हणजे दिवसा कारभार आणि पहाटे-रात्री उपासना. या स्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले होते असे अभ्यासक मानतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

स्वामींकडे नाथांना हिशेबाचे काम होते. एके रात्री एका पैची चूक लागेना. सारे निजले आणि हे समईपुढे वह्या घेऊन बसलेले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी दारात उभे होते. ते म्हणाले की एका पैसाठी एवढे चित्त लागते, ते देवाकडे लावलेस तर काय होईल. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. परंतु माझ्या मनात नेहमी असे येते की हिशेबातली एक पैसुद्धा न सोडणारा हा मुलगा पुढे मोठा झाला तेव्हा कोणी आपले काय वाईट केले याचा हिशेब त्याने कधीच लिहून ठेवला नाही. घरखर्चाची वही चोख ठेवणाऱ्या आपण बायका मनातही तशीच एक वही ठेवतो, आणि तीही चोख असते. कोणाच्या लग्नात कोणी काय बोलले, कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही, सारे तारीखवार.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली, आजीआजोबांची भेट झाली आणि गिरिजाबाईंशी लग्न होऊन नाथ पैठणात संसाराला लागले. लंगोटी लावून रानात जाणारे संत पुष्कळ झाले. नाथ मुलाबाळांचे, पाहुण्यारावळ्यांचे, श्राद्धपक्षाचे. एक मुलगा हरी, पुढे ते हरिपंडित झाले, आणि दोन मुली. घरात उद्धव नावाचा सेवेकरी होता, तो घरचाच झाला. पहाटे गोदास्नान, सकाळी पुराण, दुपारी येईल त्याला अन्न, रात्री कीर्तन. असा प्रपंच चालवणाऱ्या माणसाला रोज पंचवीस माणसांशी संबंध येतो, आणि त्यात चिडण्याची संधी किती, हे तुम्हाआम्हाला सांगावयास नको.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. गोदावरीच्या वाटेवर एक मनुष्य बसत असे. नाथ स्नान करून परतले की तो त्यांच्या अंगावर पान खाऊन थुंके. नाथ पुन्हा नदीवर जात, स्नान करून पुन्हा येत. एके दिवशी त्याला इरेस चढली आणि असे एकशे आठ वेळा झाले. शेवटी तोच थकला आणि पाया पडला. नाथ त्याला म्हणाले की तुझ्यामुळे आज मला एकशे आठ वेळा गोदास्नान घडले. आकडा जपमाळेचा आहे, तेव्हा तो मोजून घेतलेला नसावा; पाचदहा वेळा झाले असले तरी मला ते पुरे आहे.

पोथीत तो मनुष्य मुसलमान होता असे आहे. काही जण ही गोष्ट सांगताना तेवढाच भाग ठासून सांगतात. मला ते नाथांच्या मनाला धरून वाटत नाही. ज्यांच्या गुरूंचे गुरू चांद बोधले, आणि ज्यांनी स्वतः हिंदू-तुर्क संवाद रचला, त्यांच्या मनात असे काही नव्हते. त्या संवादात दोघे एकमेकांच्या देवधर्माची यथेच्छ टवाळी करतात, ऐकताना वाटते की आता मारामारी होणार, आणि शेवटी दोघे गळ्यात गळा घालतात. आणि खोडी काढणारे सगळे परधर्माचे होते असेही नाही. पुढची गोष्ट पाहा.

पैठणात काही टवाळ मंडळी होती. एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी पैसे मागत गावात आला, तेव्हा या मंडळींनी त्याला सांगितले की एकनाथाला राग आणून दाखव, तुला दोनशे रुपये देऊ. तो बिचारा गरजू. पायातले न काढता, पाय न धुता तो नाथांच्या देवघरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले की भेटावयास पुष्कळ येतात, परंतु इतक्या ओढीने आलेले तुम्ही पहिलेच. झाले, पहिला डाव फुकट गेला. मग पाने मांडली. गिरिजाबाई तूप वाढावयास वाकल्या तेव्हा हा मनुष्य त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथांनी गिरिजाबाईंना सांगितले की सांभाळा, पाहुणे पडतील. आणि गिरिजाबाई म्हणाल्या की काही काळजी नको, हरी लहान असताना त्याला पाठीवर घेऊन काम करावयाची मला सवय आहे.

मनुष्य खाली उतरला आणि रडू लागला. सारे खरे सांगितले. तेव्हा नाथांना वाईट वाटले ते एवढेच, की आधी सांगितले असते तर आपण मुद्दाम रागावलो असतो आणि याचे दोनशे रुपये तरी पदरात पडले असते. मुंजीला मदत केली आणि वाटेस लावले.

ही गोष्ट मी प्रथम वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंची वात वळावयाची थांबली. त्यांनी विचारले की पोथी नाथांचे नाव घेते, पण पाठीवर बसला कोणाच्या? तेव्हापासून मी नाथांच्या गोष्टी दोन प्रकारे वाचते. एकदा नाथांकडून आणि एकदा स्वयंपाकघराकडून. रात्री चोर आले, त्यांना नाथांनी जेवू घातले, ही गोष्ट घ्या. पोथीत असे की चोरांना घरात शिरल्यावर दिसेनासे झाले, नाथांनी देवाची प्रार्थना करून त्यांची दृष्टी परत आणली, नेलेले सामान त्यांनाच देऊ केले, बोटातली अंगठीसुद्धा काढून दिली, आणि भुकेले असाल म्हणून जेवावयास बसवले. क्षमा नाथांनी केली हे खरेच. परंतु मध्यरात्री चूल कोणी पेटवली? नाथांची क्षमा एकट्याची नव्हती, ती घरची होती. घरधनीण मनातून कष्टी असती तर अशी क्षमा दोन दिवस चालली असती. गिरिजाबाईंच्या त्या उत्तरात कष्टीपणा नाही, उलट थोडी थट्टाच आहे. राग गिळलेल्या बाईला थट्टा सुचत नाही. म्हणून मी धरून चालते की त्या नवऱ्याच्या बरोबरीच्या होत्या, मागून फरफटत आलेल्या नव्हत्या.

इथे मला एक बोलावयाचे आहे, आणि ते अध्यक्षबाईंनी छापावे अशी विनंती आहे. क्षमा हा शब्द आपल्याकडे फार करून बाईलाच ऐकवतात. माझ्या माहितीतल्या एका सुनेला घरात मार बसत होता. ती माहेरी गेली तर माहेरच्यांनी तिला हीच एकशे आठ स्नानांची गोष्ट सांगून परत पाठवले. मला हे मुळीच पटले नाही. घरात होणाऱ्या माराविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे आणि तो वापरणे म्हणजे क्षमेच्या विरुद्ध जाणे नव्हे. नाथांची गोष्ट नीट वाचली पाहिजे. नाथ उलटून थुंकले नाहीत, हे सगळे पाहतात. परंतु नाथांनी वाटही बदलली नाही. घाट बदलला नाही, वेळ बदलली नाही, त्या माणसाच्या भीतीने घरच्या आडावर आंघोळ उरकली नाही. जे करावयाचे ते त्याच्यादेखत पुन्हा पुन्हा केले. शेवटी बदलावे लागले ते त्या माणसाला. याला मी सोसणे म्हणत नाही. सोसणारा मनुष्य हळूहळू आपली वाट सोडतो.

नाथांचे सारे आयुष्य मला असेच दिसते. माणसाला क्षमा, पण आपल्या कामात माघार नाही. श्राद्धाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. वडिलांचे श्राद्ध होते, स्वयंपाकाचा घमघमाट रस्त्यावर गेला, आणि रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातली माणसे आपसांत म्हणाली की असले अन्न आपल्या नशिबी कुठले. नाथांनी ते ऐकले. गिरिजाबाईंनी ऐकले. त्या सगळ्यांना बायकामुलांसकट बोलावून श्राद्धाचे अन्न पोटभर वाढले आणि मग घर सारवून दुसरा स्वयंपाक केला. (दुसरा स्वयंपाक! पुरणावरणाचा! पोथीत याला एक ओळ.) ब्राह्मण जेवावयास आले नाहीत, त्यांनी वाळीत टाकले, प्रायश्चित्त घ्या म्हणाले. नाथांनी त्यांच्याशी भांडण केले नाही. हात जोडले. परंतु पुढे पुन्हा वाळवंटात उन्हाने पोळणारे त्याच वस्तीतले मूल दिसले तेव्हा ते उचलून कडेवर घेतले आणि आईच्या स्वाधीन केले. शास्त्रीमंडळींबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही आणि वागणुकीत एक पाऊल मागे घेतले नाही. तहानलेल्या गाढवाला काशीच्या गंगेची कावड पाजली ती कथाही याच माळेतली, सर्वांना पाठ आहे म्हणून लिहीत नाही.

हे १५०० च्या शतकातले. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच जिल्ह्यात महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. एका घराने पान वाढले म्हणून गाव बदलत नाही, हे खरे. तरी त्या घराने वाढले, हेही खरे.

भाषेचेही तसेच झाले. नाथांना संस्कृत उत्तम येत होते, परंतु लिहावयाचे ते मराठीत, बायामाणसांना कळेल असे. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी ओवीबद्ध टीका आरंभली. पहिले पाच अध्याय पैठणास झाले. त्याची प्रत काशीत पोचली तेव्हा तेथील पंडित संतापले, पवित्र ग्रंथ असल्या भाषेत आणला म्हणून, आणि जाब देण्यास बोलावले, असे सांगतात. नाथ गेले. भांडले नाहीत, आणि लेखणीही खाली ठेवली नाही. त्याच काशीत बसून पुढचे सव्वीस अध्याय लिहिले आणि १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ पुरा केला. तोच एकनाथी भागवत. पुढे ज्यांनी आक्षेप घेतला त्यांनीच त्याची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते.

या भागवताचा तेविसावा अध्याय ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. त्यात अवंतीनगरीतल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. मोठा श्रीमंत आणि मोठा कवडीचुंबक. बायकामुलांना धड खाऊ घालीत नसे. पुढे धन गेले, काही भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने. मग तो भिक्षू झाला. तेव्हा गावाने त्याचा सूड उगवला. कोणी दंड ओढून घेतला, कोणी भिक्षापात्र पळवले, तो नदीकाठी जेवावयास बसला की अन्न नासवले, डोक्यावर थुंकले. तो भिक्षू मनाशी विचार करतो की माझ्या दुःखाला कारण कोण. ही माणसे? देव? ग्रह? कर्म? एकेकाला तपासतो आणि सोडून देतो. शेवटी आपल्या मनाशी येऊन थांबतो. मन ज्याला शत्रू म्हणते तोच शत्रू, असे त्याला दिसते. संस्कृतात ही कथा नाथांच्या आधी कितीतरी शतके होती. परंतु नदीवरून येताना ज्याच्या अंगावर थुंकले गेले अशा माणसाने ती मराठीत खुलवून सांगावी, यात मला विशेष वाटते. लिहिताना त्यांना पैठणची वाट आठवली असेल की नाही, कोण सांगणार. ज्याला क्षमा करणे जड जाते त्याने निदान त्या भिक्षूची ती चौकशी तरी एकदा मनाशी करून पाहावी. मी करून पाहिली आहे. राग जात नाही, पण त्याची धार कमी होते, आणि जाऊबाईंशी दुसऱ्या दिवशी सरळ बोलता येते.

नाथ सगळ्याच बाबतीत मऊ होते असे मात्र कोणी समजू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत पुष्कळ चुका आणि भर पडली होती. नाथांनी अनेक प्रती ताडून १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली, आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी यात घालू नये. तिथे ते देवगिरीचे हिशेबनीस दिसतात. स्वतःवरचा अपराध सोडून देणे त्यांच्या हातचे होते. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथातली भेसळ सोडून देणे त्यांच्या हातचे नव्हते. आपली मंडळाची वर्गणी आणि आपला स्वतःचा मानपान यांत जो फरक, तोच हा.

आता मी सर्वात अवघड भागाकडे येते. परक्याला क्षमा करणे एक वेळ सोपे, तो उद्या दिसत नाही. घरच्याचे काय? हरिपंडित मोठे विद्वान झाले. त्यांना वडिलांचे वागणे रुचेना. वडील मराठीत पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, लोक बोलतात. शेवटी ते बायकामुलांना घेऊन घर सोडून काशीला निघून गेले. ज्या माणसावर गाव थुंकले तरी जो हलला नाही, त्याच्या अंगणातून त्याचा एकुलता मुलगा निघून गेला. गिरिजाबाईंचे त्या दिवशी काय झाले, त्या काय म्हणाल्या, याबद्दल पोथीत काही नाही. मला मुलगा आहे, म्हणून मी ते पान वाचताना थांबते.

काही वर्षांनी नाथ स्वतः काशीला गेले, मुलाची समजूत घालावयास. बाप चालत गेला. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. दुसऱ्याच्या घरचे अन्न खावयाचे नाही आणि पुराण मराठीत सांगावयाचे नाही, ते हरिपंडित संस्कृतात सांगतील. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

खरे सांगते, मला हे प्रथम आवडले नाही. काशीच्या पंडितांपुढे जी लेखणी थांबली नाही ती मुलापुढे थांबावी? वर मी वाट न बदलण्याबद्दल एवढे लिहिले आणि इथे तर नाथांनी वाट बदललेली दिसते. मी यावर पुष्कळ विचार केला. काही भगिनी म्हणतील की मायेपुढे संतही हरतात. मला वाटते, नाथांनी मुलाला घरी येऊ दिले, म्हणजे त्याला जे पाहावयाचे ते दुरून न पाहता घरात राहून पाहता यावे. झालेही तसेच. हरिपंडितांचे संस्कृत पुराण सुरू झाले आणि श्रोते एकेक करून कमी झाले. ज्या ओसरीवर बसावयास जागा मिळत नसे तिथे पाखरूही फिरकेना. नाथ बोलले नाहीत. आपण असतो तर एवढे तरी म्हटलेच असते की पाहिलेस ना, मी सांगत होते. तेवढेही नाही.

मग एक विधवा म्हातारी आली. तिच्या नवऱ्याने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, तो राहून गेला. आता तिच्याजवळ एका माणसाला घालण्यापुरते होते. कोणी तिला सांगितले होते की एकनाथ जेवले तर हजार जेवल्यासारखे. नाथांनी अट मोडली नाही. स्वयंपाक हरिपंडितांनीच तिच्या घरी जाऊन आपल्या हाताने करावा असे ठरले. नाथ जेवून उठले. उष्टे पान काढण्यास हरिपंडित वाकले, तर पानाखाली दुसरे पान, त्याखाली तिसरे, अशी हजार पाने उचलली, असे पोथी सांगते. चमत्कार सोडून द्या. विद्वान मुलगा म्हातारीच्या चुलीपुढे बसला, त्याने वडिलांचे उष्टे काढले, आणि त्या वाकण्यात त्याच्या मनातले काहीतरी सुटले, एवढे मला पुरे वाटते. हरिपंडितांनी अटी मागे घेतल्या. पैठणात मराठी पुराण पुन्हा सुरू झाले.

पुढची वर्षे लेखनाची गेली. भारुडे तर त्यांची शेकड्यांनी आहेत, जोशी, गोंधळी, वाघ्यामुरळी, भूत लागलेली बाई, सगळ्यांच्या तोंडची. आपल्याकडे सप्ताहात अजून भारुड होते तेव्हा आपण हसून लोटपोट होतो ते बहुधा नाथांचेच असते. शेवटी भावार्थ रामायण हाती घेतले. ते युद्धकांडात असताना राहिले. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. गुरू जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही तीच मानतात. त्या दिवशी पैठणला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. ज्या वाटेवर थुंकणारा बसे ती नदीची वाट त्या दिवशी माणसांनी फुलून जाते.

राहिलेले रामायण कोणी पुरे केले ते ऐका. गावबा नावाचा एक मंद समजला जाणारा मुलगा होता. त्याला पुरणपोळीखेरीज काही नको असे, म्हणून आई त्याला नाथांच्या घरी घेऊन आली आणि तो गिरिजाबाईंच्या हातची पुरणपोळी खात तिथेच वाढला. नाथांनी जाताना सांगून ठेवले होते की पुढचे गावबा लिहील. त्यानेच ते पुरे केले. पंडित म्हणवणाऱ्या मुलाला हे कसे वाटले असेल? परंतु हरिपंडितांनी ते मानले. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर, त्याने पुढे महाभारताची पर्वे मराठीत रचली, त्यातली पाच आज मिळतात. आणि मराठीपायी एकदा घर सोडून गेलेले हरिपंडित वडिलांच्या पादुका घेऊन पैठणहून पंढरीला चालत जाऊ लागले, असे सांगतात. टाळमृदंगात, मराठी अभंग म्हणणाऱ्यांच्या दिंडीत. ती पालखी दरवर्षी ज्येष्ठात निघते.